शेव्हेलचा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह: बदलायचा, उघडायचा की आधी मोजायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाडी १९७२ ची शेव्रोले शेव्हेल, ३५० घनइंची इंजिन, पुढे डिस्क, मागे ड्रम, बूस्टरसकट (पेडलचा जोर वाढवणारा भाग) सगळं कंपनीचं मूळ. मागचे व्हील सिलिंडर (ड्रममधले, ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारे छोटे सिलिंडर) बदलल्यापासून डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा विझत नाही. ब्रेकच्या पाइपांमधल्या पितळी कॉम्बिनेशन व्हॉल्व्हच्या पुढच्या टोकाला जी रबरी टोपी आहे, तिच्यात ओल दिसते. आणि पावसात हलका ब्रेक मारला तरी मागची चाकं जाम होऊन गाडीचं बूड फिरतं. मित्रमंडळी सांगतात की जुना व्हॉल्व्ह काढून फेक, बाजारातला नवा बसव आणि मागच्या पाइपात एक ॲडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागचा दाब कमी करणारा, बटणाने जुळवता येणारा) घाल. तुम्ही विचारताय, बदलू की रिबिल्ड करू?

आत्ता यातलं काहीच करू नका. आधी प्रत्येक लक्षण व्हॉल्व्हच्या कुठल्या भागाशी जोडलेलं आहे ते बघा आणि दाब मोजा. मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचे ब्रेक करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. काढून टाकलेले मूळ व्हॉल्व्ह माझ्या बाकावर येतात, त्यातले पुष्कळ चांगले निघतात. दोष ड्रममध्ये असतो, पाइपात असतो किंवा नुसता दिव्याच्या वायरीत असतो.

१९६७ च्या मॉडेलपासून अमेरिकन गाड्यांत दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराचा ऑइलमध्ये दाब करणारा) सर्रास आला. पुढच्या ब्रेकचं ऑइल वेगळं, मागच्याचं वेगळं. एक बाजू फुटली तरी दुसरी शिल्लक राहावी, हा हेतू. सुरुवातीला या व्यवस्थेतले व्हॉल्व्ह सुटे सुटे असत. सत्तरीच्या सुरुवातीला ते एकाच पितळी ठोकळ्यात आले, तोच तुमचा कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह. त्याच्या पुढच्या टोकाला, रबरी टोपीखाली, मीटरिंग व्हॉल्व्ह असतो. मधे दिव्याचा स्विच आणि त्याखाली इकडून तिकडे सरकणारा पिस्टन. मागच्या टोकाच्या मोठ्या नटाखाली प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. तुमच्या तीन तक्रारींतल्या दोन, दिवा आणि ओल, यांचा पत्ता लगेच लागतो. तिसरीबद्दल मात्र तुमच्या मित्रांचा अंदाज चुकतोय, आणि जिवावर बेतणारी तक्रार तीच आहे. म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह काय करतो? जोरात ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला पूर्ण दाब दिला तर ते जाम होतं, आणि मागची चाकं आधी जाम झाली की गाडी फिरते. म्हणून ठरावीक दाबापर्यंत हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला पुढच्याइतकाच दाब जाऊ देतो आणि त्यानंतर मागचा दाब कमी वेगाने चढू देतो. उदाहरणापुरते आकडे घ्या. हा टप्पा ४०० पीएसआयला (दर चौरस इंचावर तितके पौंड दाब) असेल, तर ४०० पर्यंत पुढे-मागे सारखाच दाब. पुढे १००० झाले की मागे साधारण ६५०. ज्या दाबाला हा फरक सुरू होतो, तो आकडा गाडीगणिक बदलतो.

आता तुमची तक्रार पुन्हा वाचा. हलका ब्रेक, ओला रस्ता. अशा वेळी पाइपातला दाब कमी असतो. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचं काम तोवर सुरूच झालेलं नसतं. कोरड्या रस्त्यावर, पेडलवर उभं राहून ब्रेक मारल्यावर मागची चाकं जाम झाली असती, तर मीही पहिलं बोट त्याच्याकडेच दाखवलं असतं. हलक्या ब्रेकला जाम होणारी चाकं वेगळं काही सांगतात. एक तर मागचे ड्रम वाजवीपेक्षा जास्त पकडताहेत, नाहीतर पुढचे डिस्क वेळेवर लागत नाहीत.

ड्रम आधी उघडा. शूवर (ड्रमला आतून दाबणारी कमान) बसवलेल्या लायनरवर ऑइलचा डाग आहे का पाहा. लायनर चिंब भिजला तर ब्रेक लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण थोडासा ओलावलेला लायनर उलट चिकटतो आणि झटक्याने पकडतो. जुने व्हील सिलिंडर गळत होते म्हणून तुम्ही बदललेत, मग शू धुऊन तेच परत बसवलेत का? लायनरमध्ये मुरलेलं ब्रेक ऑइल धुऊन निघत नाही, शू दोन्ही बाजूंचे बदला. ॲक्सलच्या सीलमधून गिअर ऑइल येत असेल तर आधी सील बदला, शू नंतर. प्रत्येक चाकात आखूड लायनरचा शू पुढच्या बाजूला आणि लांब लायनरचा मागच्या बाजूला हवा. हे अदलाबदल झालेले मी खूपदा पाहिले आहेत. मग नव्या व्हील सिलिंडरचं माप बघा. मूळ ७/८ इंची असेल आणि दुकानदाराने १५/१६ दिला असेल, तर त्याच दाबाला शूवरचा जोर जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढतो. डब्यावर गाडीचं नाव बरोबर छापलेलं असतं तरी आतल्या मालावर विसंबू नका, व्हर्नियर लावून मोजा.

ड्रममध्ये काही सापडलं नाही तर संशय मीटरिंग व्हॉल्व्हवर. ड्रमच्या शूंना स्प्रिंगा मागे ओढून धरतात. त्यांचा ताण मोडून शू ड्रमला टेकेपर्यंत थोडा दाब खर्च होतो. डिस्कला अशा स्प्रिंगा नसतात, ती लगेच पकडते. मीटरिंग व्हॉल्व्ह नसता तर प्रत्येक हलक्या ब्रेकला फक्त पुढची चाकं पकडली असती आणि पॅड लवकर झिजले असते. म्हणून हा व्हॉल्व्ह साधारण १०० पीएसआयच्या आसपास दाब येईपर्यंत पुढच्या कॅलिपरची (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) वाट अडवून धरतो. तो गंजाने किंवा गाळाने अडकला आणि उशिरा उघडू लागला, तर हलक्या ब्रेकला सगळं काम मागच्या ड्रमांवर पडतं. ओल्या रस्त्यावर तुम्हाला येतोय तोच अनुभव मग येतो. अशा गाडीच्या मागच्या पाइपात ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह घालून दाब कमी केला, तर चाकं जाम होणं थांबेल, पण पुढचे ब्रेक उशिराच लागत राहतील आणि मागचेही कमजोर झालेले असतील. गाडी थांबायला जास्त अंतर लागेल, आणि मालकाला मात्र वाटेल की दोष गेला.

म्हणून दाब मोजायचा. ० ते १५०० पीएसआयचे दोन सारखे गेज आणि हवा काढायच्या निपलच्या जागी बसणारे ॲडॉप्टर घ्या. एक पुढच्या कॅलिपरवर, एक मागच्या व्हील सिलिंडरवर. गेजच्या नळीतलीही हवा काढा, नाहीतर काटा आळसावतो. एकाला पेडलवर बसवा आणि अगदी सावकाश दाबायला सांगा. सुरुवातीला मागचा काटा उठेल, पुढचा शून्यावरच राहील. मागचा शंभराच्या आसपास पोचला की पुढचा एकदम उठून त्याला गाठेल. या टप्प्यावर मागचा गेज मास्टर सिलिंडरचाच दाब दाखवत असतो, कारण मागच्या वाटेत अजून काही अडवणूक नाही. पुढचा काटा दोनशे-तीनशेपर्यंत झोपलेलाच राहिला, तर मीटरिंग व्हॉल्व्ह अडकलाय. तो पहिल्यापासूनच मागच्याबरोबर उठला, तर मीटरिंग काम करत नाही.

नंतर पुढच्या गेजवर २००, ४००, ६००, ८००, १००० असे थांबत थांबत दोन्ही आकडे लिहून घ्या. कागदावर लिहा, लक्षात ठेवू नका. कुठेतरी मागचा आकडा मागे पडायला लागला पाहिजे. १००० पर्यंत दोन्ही सारखेच चालले, तर प्रपोर्शनिंगचा पिस्टन जाम आहे किंवा त्याचं सील गेलंय. मागचा काटा सुरुवातीपासूनच रेंगाळत असेल, तर व्हॉल्व्हच्या आधी मागच्या ॲक्सलवर उतरणारी रबरी नळी तपासा. ती बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून सुजून वाट बंद करते.

आता दिवा. शेव्हेलमध्ये हाच दिवा हँडब्रेकलाही लागतो (पायाने दाबायचा असला तरी आपण त्याला हँडब्रेकच म्हणतो). व्हॉल्व्हच्या मधल्या स्विचची वायर काढा. दिवा विझला नाही तर व्हॉल्व्हचा संबंधच नाही, हँडब्रेकचा स्विच बघा. विझला तर पिस्टन एका बाजूला सरकलेला आहे. व्हील सिलिंडर बदलताना मागची बाजू रिकामी होती, तेव्हा कुणीतरी पेडल दाबलं. पुढच्या बाजूच्या दाबाने पिस्टन मागे ढकलला गेला आणि स्विचची पिन उचलली गेली. त्याचं कामच ते आहे. हा पिस्टन फुटलेल्या बाजूचं ऑइल बंद करतो असा समज सगळीकडे आहे. या व्हॉल्व्हमध्ये तो फक्त इशारा देतो, त्या भरवशावर गळकी गाडी चालवू नका.

पिस्टन परत मधे आणायला आधी मागची हवा पूर्ण काढून घ्या. काही व्हॉल्व्हमध्ये त्यानंतर पेडल एकदा जोरात दाबलं की तो आपोआप मधे येतो. नाही आला तर जी बाजू उघडली नव्हती, म्हणजे तुमच्या बाबतीत पुढची, तिचं एक निपल थोडं सैल करा. स्विचची वायर जोडलेली ठेवा, चावी चालू ठेवा, आणि दुसऱ्याने पेडल हळू हळू, एकसारखं दाबायचं. मागच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो. दिवा विझला त्या क्षणी पाय तिथेच थांबवायचा आणि निपल घट्ट करायचं. घाईने दाबलं तर पिस्टन मध्य ओलांडून दुसऱ्या टोकाला जातो आणि सगळं उलट्या बाजूने करावं लागतं.

ओलीचं म्हणाल तर रबरी टोपी उचलून बोट फिरवा. आत किंचित दमटपणा असेल तर घाबरू नका, तेवढा चालतो. थेंब जमत असेल, टोपीखालून ओघळ येत असेल किंवा खालच्या फ्रेमचा रंग सुटला असेल, तर मीटरिंगच्या दांड्याचं सील गेलंय आणि व्हॉल्व्ह उघडावा किंवा बदलावा लागेल.

यात एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कंपनीच्या हिशोबाने कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह हा दुरुस्तीचा भागच नव्हता, बिघडला की अख्खा बदलायचा. आज मूळ सुटा भाग नवा मिळत नाही, म्हणून सील किट निघाले आणि रिबिल्ड करून देणारेही झाले. मी मूळ व्हॉल्व्ह वाचवण्याच्या बाजूचा आहे, आणि केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नाही. बाजारातले नवे व्हॉल्व्ह दिसायला एकसारखे असतात. आतल्या स्प्रिंगा आणि पिस्टन मात्र सरासरी गाडीच्या हिशोबाने बसवलेले असतात. तुमचा मूळ व्हॉल्व्ह याच गाडीचं वजन आणि याच ब्रेकची मापं धरून बनलाय. तुमचे ब्रेक जर मूळ मापाचे असतील तर त्याच्याइतका जुळणारा दुसरा नाही. तरीही आतला सिलिंडर खराब असेल तर हट्ट सोडून नवा घ्या. घेताना तो डिस्क-ड्रमचाच आहे याची खात्री करा, चारी चाकांना डिस्क असलेल्या गाडीचा तुम्हाला चालणार नाही.

उघडायचं ठरलं तर सर्वांत त्रास पाइपांचे नट देतात. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, आणि एकदा मिठात फिरलेल्या गाडीचा नट पाइपावर चिकटून बसतो. आदल्या दिवसापासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. साधा उघडा पाना लावू नका, फ्लेअर नटचा पाना लावा. आधी केसभर आवळायच्या दिशेने हलवा, मग सोडा. नटाबरोबर पाइपही पिळायला लागला तर पाइप कापा आणि नटावर सॉकेट घाला. पाइप नवा करता येतो. व्हॉल्व्हवर गॅसची ज्योत धरू नका, आत रबर आणि ऑइल आहे.

बाकावर घेतल्यावर पहिला बाहेर निघायचा तो स्विच. त्याची पिन पिस्टनच्या खाचेत बसलेली असते. स्विच तसाच ठेवून पिस्टन ढकलला की पिन तुटते, आणि तो तुकडा आतच राहिला तर व्हॉल्व्ह वाया गेला म्हणा. नंतर व्हाइसच्या जबड्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून ठोकळा धरा आणि टोकाचे नट सोडा. मागच्या नटाखाली स्प्रिंग दाबलेली आहे, तळहात धरून शेवटचे आटे सोडा. पिस्टन चिकटला असेल तर लाकडी दांडीने ढकला किंवा कमी दाबाची हवा द्या. स्क्रूड्रायव्हर आत घालायचा नाही. पितळेवर त्याचा एक ओरखडा पुढे कायमची गळती होतो. निघालेला प्रत्येक भाग पांढऱ्या कापडावर क्रमाने आणि ज्या दिशेला होता त्याच दिशेला मांडा, फोटो काढा. प्रपोर्शनिंगच्या सीलला ओठ असतो, तो उलटा बसला तर व्हॉल्व्ह दिसायला ठीक आणि कामाला शून्य.

आता आतला सिलिंडर उजेडाकडे धरून बघा. पितळ काळपट पडलं असेल तर हरकत नाही. बारीक काडीचं टोक नखासारखं आतून फिरवून पाहा. खड्डा किंवा चर लागत असेल तर तिथेच थांबा, नवा व्हॉल्व्ह आणा. घासून तो चर काढू नका. सिलिंडर मोठा झाला की सील धरत नाही.

धुण्याबद्दल खास आपल्या लोकांना सांगतो, कारण पुण्या-कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये शिकलेला हात सवयीने घासलेटाच्या ट्रेकडे जातो. ब्रेकच्या कुठल्याही भागाला घासलेट, डिझेल, पेट्रोल किंवा ग्रीस लावायचं नाही. डॉट ३ आणि डॉट ४ या ब्रेक ऑइलसाठी सील ईपीडीएम रबराची लागतात, आणि ते रबर खनिज तेलाने फुगून मऊ होतं. व्हॉल्व्ह धुवायला मिथिलेटेड स्पिरिट (अल्कोहोलचं) किंवा ब्रेक क्लीनर वापरा. पेटीतली कुठलीही काळी ओरिंग माप बसतं म्हणून घालू नका, ती बहुधा नायट्राइलची असते आणि ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही. जोडताना सीलला ताजं ब्रेक ऑइल चोपडा, दुसरं काही नको. स्विच शेवटी, आणि तोही आधी बोटांनी. सगळे आटे सहज गेले नाहीत तर पिस्टन मधे नाही. पाना लावून जोर करू नका, पिस्टन सरकवा.

नवे पाइप टाकणार असाल तर आट्यांकडे नीट लक्ष द्या. तुमच्या गाडीत ३/१६ इंची पाइपाला बहुतेक ठिकाणी ३/८-२४ आट्यांचा (३/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे) नट लागतो, तोंड ४५ अंशांत दुहेरी फ्लेअर केलेलं, म्हणजे दुमडून पसरवलेलं. काही तोंडं मुद्दाम मोठी असतात, म्हणजे पुढचा पाइप मागे लागू नये. दुकानात त्याच फळीवर एम१० चे मेट्रिक पाइप टांगलेले असतात, त्यांचं तोंड बुडबुड्यासारखं फुगलेलं. दोन्हींत एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर जवळजवळ एक मिलिमीटर, व्यासात मात्र अर्ध्या मिलिमीटरचा फरक. इंची नट मेट्रिक भोकात सैलसर जातो, धरल्यासारखा वाटतो आणि जोरात ब्रेक मारल्यावर आटे सोडतो. निव्वळ तांब्याचा पाइप कधीच वापरू नका. तांबे-निकेलचा वापरा. तो गंजत नाही आणि हाताने सुबक वळतो.

हवा काढताना क्रम मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. पिस्टन मधे धरून ठेवायला स्विचच्या जागी बसणारं एक छोटं प्लास्टिकचं हत्यार मिळतं, ते जरूर घ्या. दिव्याची कटकटच उरत नाही. पायाने हवा काढणार असाल तर मीटरिंगकडे लक्ष द्यायची गरज नाही, पायाचा दाब त्याला उघडायला पुरतो. प्रेशर ब्लीडर (ऑइल दाबाने ढकलून हवा काढणारं साधन) लावणार असाल तर त्याचा दाब अपुरा पडतो, म्हणून टोपीखालचा दांडा धरून ठेवावा लागतो. काही व्हॉल्व्हमध्ये तो दाबून, काहींत ओढून. त्यासाठी स्प्रिंगची क्लिप वापरा. पक्का क्लँप आवळला तर आतला भाग तुटतो.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. रंगाला धक्का लावत नाही म्हणून प्रदर्शनाच्या गाड्यांत सिलिकॉनचं डॉट ५ घालतात, पण जुन्या ऑइलात ते मिसळत नाही. तुमच्या गाडीसाठी मी डॉट ४ घेतलं असतं आणि फेंडरवर ओलं कापड टाकून काम केलं असतं.

ॲडजस्टेबल व्हॉल्व्हचं शेवटी. तो वाईट नाही. पुढे मोठे डिस्क घातले, मागे डिस्क केले किंवा मागचे टायर खूप रुंद केले, म्हणजे मूळ हिशोबच मोडला, तर तो हवाच. पण मग मूळ प्रपोर्शनिंगचा भाग आतून काढून घेतला पाहिजे. एकामागे एक असे दोन प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह कधीही ठेवायचे नाहीत. आणि हेही लक्षात असू द्या की त्याचं बटण फिरवून दाब कुठे कमी व्हायला लागतो ते बदलतं, पुढे किती प्रमाणात कमी होतो ते नाही. तुमची गाडी मूळ स्थितीत आहे, तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

तर क्रम असा: या शनिवारी ड्रम उघडा, व्हील सिलिंडर मोजा, दिव्याची वायर काढून बघा. पुढच्या आठवड्यात गेज लावा. सगळं जोडून झाल्यावर पहिली चाचणी रिकाम्या पार्किंगमध्ये, ताशी २० मैलांवर, आधी कोरड्यात आणि मग पाणी मारून. नंतर प्रत्येक नटाखाली कोरडा कागद फिरवून ओल येते का पाहा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. गेजचे पाचही आकडे आणि मागच्या शूंचा फोटो पाठवलात, तर व्हॉल्व्ह उघडायचा की नाही ते मी नक्की सांगू शकेन. तोवर पावसात गाडी बाहेर काढू नका.